खरेदीखत झालं, पण विकणारा घर सोडत नाही: ताब्याच्या तयारीची यादी

दुय्यम निबंधकाकडे अंगठे उमटले, फोटो निघाले, इंडेक्स टू (दस्ताच्या नोंदणीचा सरकारी उतारा) हातात आलं, तरी घराची चावी अजून विकणाऱ्याच्याच खिशात असते. 'आठ दिवसांत सोडतो' म्हणणारा माणूस तीन महिने हलत नाही आणि घेणारा इकडे भाडंही भरतो, तिकडे हप्ताही भरतो. रिसेल फ्लॅटच्या व्यवहारात पूर्ण पैसे गेल्यावर घेणाऱ्याकडे उरतो तो कागद आणि कोर्टाचा रस्ता. म्हणून या यादीतली बरीचशी कामं नोंदणीच्या आधीच उरकायची आहेत.

विसार देण्याआधी विकणाऱ्याला सरळ विचारा: इथून तुम्ही कुठे जाणार? घर वेळेवर न सुटण्याची कारणं बहुतेक या उत्तरातच सापडतात. तो बिल्डरकडून नवा फ्लॅट घेत असेल तर त्या प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख स्वतः बघा. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आलेलं नसेल तर त्याने सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका. तो दुसरा रिसेल फ्लॅट घेत असेल तर त्याचा विकणारा कधी निघणार, हेही तुमच्या कामाचं आहे. तुमच्याच पैशांतून तो पुढचं घर घेणार असेल, तर बँकेने तुमचं कर्ज उशिरा वितरित केलं की त्याचं घर लांबतं आणि तुमचा ताबाही. घरात शाळकरी मुलं असतील तर फेब्रुवारीतली तारीख घालून घेऊ नका. वार्षिक परीक्षा आटोपल्यावरची तारीख पाळली जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

घरात प्रत्यक्ष कोण राहतं, हे पाहण्यासाठी दोनदा जा: एकदा रविवारी सकाळी, एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी. म्हातारी आई, धाकटा भाऊ, वेगळं राहायचं ठरवलेली पत्नी असं कुणी असेल आणि त्यांची विक्रीला मनापासून तयारी नसेल, तर सही करणारा निघून जातो आणि ही माणसं घरात राहतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली पत्नीला एकत्र राहत्या घरात राहण्याचा हक्क सांगता येतो आणि तो वाद तुमच्या उंबऱ्यावर येतो. यावर उपाय म्हणजे घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांना दस्तात 'मान्यता देणार' म्हणून घेणं आणि त्यांनी स्वतः घर सोडण्याचं मान्य केल्याचं त्यात लिहून घेणं. फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत मागा आणि मुदत तपासा. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही विचारा, कारण भाडेकरूची नोंद सोसायटीकडे असते.

आता दस्त. छापील नमुन्यात एक वाक्य हटकून असतं: 'मिळकतीचा प्रत्यक्ष व शांततापूर्ण ताबा आज रोजी लिहून घेणार यांना दिला आहे.' (दस्तात 'लिहून देणार' म्हणजे विकणारा आणि 'लिहून घेणार' म्हणजे तुम्ही.) विकणारा अजून घरात राहत असेल तर हे वाक्य खोटं ठरतं आणि पुढे कोर्टात तुमच्याच विरुद्ध वाचलं जातं. ताबा मिळाला नाही असं तुम्ही म्हणता आणि तुमच्याच सहीचा दस्त उलटं सांगतो. हे वाक्य काढून त्या जागी साधारण असा मजकूर घाला: 'सदनिकेचा रिकामा व प्रत्यक्ष ताबा लिहून देणार यांनी अमुक दिनांकास सायंकाळी ५ वाजेपर्यंत ताबेपावती करून लिहून घेणार यांना द्यावयाचा आहे. तोपर्यंत लिहून देणार हे केवळ लिहून घेणार यांच्या परवानगीने राहत असून त्यांना भाडेकरू म्हणून कोणताही हक्क नाही. मुदतीत ताबा न दिल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी रु. २,५०० नुकसानभरपाई देय राहील.' यात तारीख आणि वेळ दोन्ही हवीत. 'लवकरात लवकर' किंवा 'सोयीनुसार' असे शब्द दिसले की खोडा.

दिवसाची रक्कम मनाला येईल तशी लिहू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार कोर्ट वाजवी भरपाई देतं आणि करारातला आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते. दिवसाला २५ हजार लिहिले तर तेवढे मिळत नाहीत. आकडा खऱ्या नुकसानीवरून काढा. समजा फ्लॅट ७० लाखांचा आहे आणि कर्ज ५० लाखांचं, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी. हप्ता साधारण ४३,४०० रुपये बसतो. सध्याच्या घराचं भाडं २५,००० असेल तर महिन्याचा भार ६८,४०० होतो, म्हणजे दिवसाला सुमारे २,२८०. यावरून लिहिलेले २,५०० तुम्हाला कागदोपत्री सिद्ध करता येतात. हा हिशेब कर्जमंजुरीच्या पत्रासोबत आणि भाडेकरारासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा.

भरपाईच्या कलमापेक्षा हातात राखून ठेवलेली रक्कम जास्त कामाला येते, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकूण किमतीच्या ५ टक्के रक्कम ताबा मिळतानाच द्यायची, असं देय रकमांच्या तपशिलात लिहा. वरच्या उदाहरणात ती साडेतीन लाख होते आणि २,५०० च्या दराने १४० दिवस पुरते. अडचण येते ती बँकेची. कर्ज देण्याआधी तुमचा स्वतःचा वाटा विकणाऱ्याला पोचल्याच्या पावत्या बँक मागते, त्यामुळे राखून ठेवलेली रक्कम तिच्या हिशेबात बसत नाही आणि ऐनवेळी वितरण अडतं. मंजुरीच्या टप्प्यावरच दस्ताचा मसुदा बँकेच्या वकिलाला दाखवून यावर लेखी होकार घ्या. बँक अजिबात ऐकत नसेल तर दुसरी वाट अशी, की शेवटचा डिमांड ड्राफ्ट फ्लॅटमध्येच, रिकाम्या खोल्या बघून, चावी घेताना द्यायचा. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर १ टक्का टीडीएस प्रत्येक हप्त्यावर कापायचा असतो, तेव्हा राखून ठेवलेल्या रकमेचा टीडीएसही ती देताना वेगळा भरा.

विकणाऱ्याच्या नावावर जुनं कर्ज असेल तर तुमचा पहिला ड्राफ्ट त्याच्या बँकेत जातो आणि मूळ कागद सुटायला वेळ लागतो. तो वेळ ताब्याच्या तारखेत आधीच धरा, म्हणजे 'कागद आले नाहीत म्हणून थांबलो' असं म्हणायला जागा उरत नाही.

रोख पैसे देऊ नका. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहेच, पण इथे त्याहून मोठा धोका आहे. खरेदीखत करूनही घरातच राहिलेला विकणारा उद्या म्हणू शकतो, की ही विक्री नव्हतीच, उसन्या पैशांसाठी तारण म्हणून दस्त करून दिला होता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली असा अर्ज जिल्हा निबंधकांपुढे करता येतो आणि मग तुम्हाला सावकार ठरवण्याचा प्रयत्न होतो. मालक बदलूनही राहणारा तोच, ही गोष्ट त्याच्या बाजूने बोलते. पूर्ण किंमत बँकेतून गेलेली, बाजारभावाच्या आसपासची, टीडीएस भरलेला आणि दस्तात ताब्याची तारीख नोंदलेली असेल, तर या आरोपात दम राहत नाही.

काही वेळा मुदत देणं हाच शहाणपणा असतो. विकणारा खरोखर अडचणीत आहे, दोन महिने मागतो आहे आणि वागायला सरळ आहे. अशा वेळी तोंडी 'राहा' म्हणू नका. दोन महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून त्याची ऑनलाइन नोंदणी करा, ज्यात तुम्ही मालक आणि तो परवानाधारक. करारात महिन्याची फी लिहा, मग ती रोखलेल्या रकमेतून वळती करायची असली तरी चालेल. याचा फायदा मोठा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो, मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते आणि समोरच्याला बचाव मांडायचा असेल तर ३० दिवसांत आधी परवानगी मागावी लागते. दिवाणी दाव्याच्या मानाने ही वाट फार जवळची आहे. करार नोंदवलेला नसेल तर मात्र कलम ५५ नुसार कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल समोरच्याचं म्हणणं आधी धरलं जातं, आणि तो स्वतःला भाडेकरू म्हणवून घेऊ शकतो.

ताब्याच्या दिवशी उजेडात जा, सकाळी अकराच्या सुमारास. सोबत दोन साक्षीदार, ताबेपावतीच्या दोन प्रती आणि चावीवाला. मुख्य दार, सेफ्टी डोअर, लेटरबॉक्स, पार्किंगची साखळी या सगळ्यांच्या चाव्या मोजून पावतीत लिहा. वीजमीटरचं रीडिंग तारखेसह फोटोत घ्या, गॅसच्या मीटरचंही. दस्तात नमूद केलेले पंखे, गीझर, किचन ट्रॉल्या, चिमणी जागेवर आहेत का ते बघा. नळ सोडून बघा, ड्राय बाल्कनीतला कोपरा बघा. सर्वांत जास्त फसगत होते ती एका खोलीवरून: 'कपाट आणि देव्हारा तेवढा आतल्या खोलीत ठेवतो, कुलूप लावतो, रविवारी नेतो.' एक खोली त्याच्या कुलपात राहिली तर पूर्ण ताबा मिळालेला नसतो, आणि त्या खोलीच्या निमित्ताने त्याला घरात येण्याचा रस्ता राहतो. शेवटचं सामान लिफ्टमध्ये चढेपर्यंत पावतीवर सही करू नका आणि ड्राफ्टही देऊ नका. सही झाल्याबरोबर लॅचचं सिलिंडर बदलून घ्या.

तारीख उलटली आणि घर रिकामं झालं नाही, तर त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर लेखी विचारा: आज ताबा द्यायचा होता, मिळाला नाही, कधी देता? भाषा सौम्य ठेवा. 'मुलीची परीक्षा झाली की सोडतो' असं त्याचं एखादं उत्तर आलं तर ते जपून ठेवा, कारण घर तुमचं आहे हे त्यात त्याने कबूल केलेलं असतं. आठवड्याभरात हललं नाही की वकिलाकरवी १५ दिवसांची नोटीस पोचपावतीसह पाठवा, तीही फ्लॅटच्या पत्त्यावर आणि दस्तातल्या त्याच्या दुसऱ्या पत्त्यावर. नोटिशीत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ खालची ताबा देण्याची त्याची जबाबदारी, दस्ताचा क्रमांक, ठरलेली तारीख आणि दिवसाची भरपाई, एवढं पुरे. सोसायटीलाही पत्र द्या: सदनिकेचे मालक आता आपण, विकणाऱ्याच्या अर्जावरून तिथे भाडेकरूची नोंद करू नये. पोच घ्यायला विसरू नका. घर रिकामं करून देण्याचा अधिकार सोसायटीला नाही, पण तिथे कोण राहतंय याबद्दलचं तिचं पत्र पुढे पुरावा म्हणून लागतं. पोलीस बहुधा 'हा दिवाणी वाद आहे' म्हणतील. तरी अर्ज देऊन पोच ठेवा, आणि धमकी किंवा मारहाण झाली तर लगेच ११२ लावा.

तो बाहेरगावी गेल्यावर कुलूप तोडायचा मोह मात्र आवरा. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे कायद्याच्या मार्गाशिवाय ज्याला बाहेर काढलं, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच येत नाही. खरेदीखत तुमच्या हातात असूनही घर त्याला परत द्यावं लागेल, शिवाय घरफोडीची आणि सामान गायब झाल्याची फिर्याद अंगावर येईल ती वेगळीच. वीज किंवा पाणी तोडणंही टाळा, त्यामुळे उलट विकणाराच मनाई हुकूम मागायला कोर्टात जातो.

नोटिशीची मुदत संपली की दावा. नोंदणीकृत खरेदीखत असेल तर मालकी हक्कावर ताब्याचा दावा, ज्याची मुदत १२ वर्षांची आहे. नुसतं साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, झालं असेल तर करारपूर्तीचा दावा, आणि त्याला ठरलेल्या तारखेपासून फक्त ३ वर्षं मिळतात. अशा दाव्यात ताब्याची मागणी वेगळी लिहावी लागते, ती वकील विसरला नाही ना ते स्वतः वाचा. दाव्यासोबतच दोन अर्ज द्या: घर तिसऱ्याच्या ताब्यात देऊ नये म्हणून मनाई हुकुमाचा, आणि त्याच्या कबुलीवरून लगेच निकाल देण्याचा, ज्यासाठी ते व्हॉट्सॲप उत्तर लागतं. ताबा मिळेपर्यंतची भरपाई, म्हणजे मेस्ने प्रॉफिट, मागणीत हवीच. महाराष्ट्रात दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय लिस पेंडन्सचं संरक्षण, म्हणजे दावा चालू असताना घर घेणाऱ्यालाही निकाल बांधील राहण्याची तरतूद, मिळत नाही, हे काम पहिल्याच आठवड्यात उरका.

दरम्यान विकणारा तडजोडीला आला तर बाहेर स्टॅम्पपेपरवर लिहून मोकळे होऊ नका. तडजोड कोर्टात किंवा लोकअदालतीत नोंदवा, म्हणजे तिला हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्याने तारीख पुन्हा चुकवली तर नवा दावा न लावता थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, करता येते. दरखास्तीत बेलीफ, म्हणजे कोर्टाचा कर्मचारी, ताबा द्यायला येतो. दार बंद असेल तर कुलूप तोडायचा हुकूम आणि पोलीस बंदोबस्त आधीच मागून ठेवा, चावीवाला आणि सामान उचलायला चार माणसं तुम्ही न्या. त्याचं मागे राहिलेलं सामान बेलिफासमोर एकेक करून यादीत लिहून घ्या आणि पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी सोसायटीच्या कार्यालयात द्या.