डेबियन सर्व्हरवरील महत्त्वाच्या सेटिंग फाइली: बदल करण्यापूर्वी काय तपासावे

मी ज्या टॉवेल कारखान्याच्या कार्यालयातील संगणक सांभाळतो, तो सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आहे. बिले, सुताचा साठा आणि माल पाठवणीच्या नोंदी तेथे एकाच डेबियन (लिनक्सची एक आवृत्ती) सर्व्हरवर आहेत. हा सर्व्हर महिनोन्महिने बंद होत नाही. पण एप्रिल-मेमध्ये वीज बराच वेळ गेली आणि यूपीएसची बॅटरी संपली की तो बंद पडतो. मग पुन्हा सुरू होताना, मधल्या काळात सेटिंगच्या फाइलींत झालेली चूक एकदम उघडी पडते. म्हणून कोणत्या फाइलीत काय असते याच्या जोडीला, यंत्रणा ती फाइल नेमकी केव्हा वाचते आणि त्याआधी ती कशी तपासून घ्यावी, हे येथे सांगत आहे.

या बहुतेक फाइली ‘/ईटीसी’ या डिरेक्टरीत साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात आणि नॅनो किंवा व्हीआयसारख्या एडिटरमध्ये उघडतात. नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली असली तरी यंत्रावर ती रोमन लिपीतच टाइप करायची आहेत.

सर्वांत जास्त काळजी ‘एफएसटॅब’ या फाइलीची घ्यावी. कोणती डिस्क कोणत्या डिरेक्टरीला जोडायची, हे तीत एकेका ओळीत लिहिलेले असते. प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात: डिस्कची ओळख, जोडण्याची जागा, फाइलसिस्टिमचा प्रकार, पर्याय, डंप या जुन्या बॅकअप कमांडसाठीचा आकडा आणि सुरू होताना तपासणीचा क्रम. या शेवटच्या रकान्यात मुख्य विभागासाठी १, इतरांसाठी २ आणि तपासणी नको असल्यास ० लिहितात. डिस्कची ओळख ‘एसडीबी१’ अशा नावाने देऊ नये, कारण दुसरी डिस्क लावल्यावर ही नावे बदलू शकतात. ‘बीएलकेआयडी’ ही कमांड दाखवते तो यूयूआयडी, म्हणजे त्या विभागाचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, लिहावा.

एकदा मी बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कची ओळ या फाइलीत घातली आणि पुढे ती डिस्क काढून दुसऱ्या इमारतीत ठेवली. काही आठवड्यांनी रात्री वीज गेली. सकाळी सर्व्हर त्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहून आणीबाणीच्या मोडमध्ये थांबलेला होता, आणि मालाची गाडी दारात उभी असताना बिल निघत नव्हते. त्यातच डेबियन बसवताना मी रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड रिकामा ठेवला होता. तसे केल्यास रूटचे खाते कुलूपबंद राहते आणि आणीबाणीच्या मोडमध्येही लॉगिन मिळत नाही, त्यामुळे इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरील रेस्क्यू मोडमधून ती ओळ काढावी लागली. पर्यायांच्या रकान्यात ‘नोफेल’ हा एक शब्द असता, तर सर्व्हर त्या डिस्कवाचून सुरू झाला असता. काढता-घालता येणाऱ्या प्रत्येक डिस्कसाठी तो लिहावाच. फाइल बदलल्यावर ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’, मग ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि शेवटी ‘माउंट -ए’ या कमांड चालवाव्यात. त्यामुळे बहुतेक चुका रीस्टार्ट न करताच, आपण समोर बसलेलो असतानाच दिसतात.

वापरकर्त्यांची यादी ‘पासडब्ल्यूडी’ फाइलीत असते. नाव, पासवर्डच्या जागी ‘एक्स’ हे अक्षर, वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक, माहिती, घरची डिरेक्टरी आणि शेल (कमांड स्वीकारणारा प्रोग्रॅम) असे तिचे सात रकाने विसर्गासारख्या चिन्हाने वेगळे केलेले असतात. डेबियनवर माणसांसाठी उघडलेली साधी खाती १००० या क्रमांकापासून सुरू होतात. खरा पासवर्ड सांकेतिक रूपात ‘शॅडो’ फाइलीत असतो, म्हणून पहिली फाइल सर्वांना वाचता येते आणि दुसरी येत नाही. हे अधिकार सैल करू नयेत. या दोन्ही फाइली हाताने बदलण्याऐवजी ‘ॲडयूजर’ आणि ‘यूजरमॉड’ वापरावे, आणि हाताने बदलणे अटळच असेल तर ‘व्हीआयपीडब्ल्यू’ने (शॅडोसाठी त्याला ‘-एस’ जोडून) उघडावे, म्हणजे त्याच वेळी दुसरे कोणी ती फाइल बदलू शकत नाही.

सुडो या कमांडने रूटच्या अधिकाराने काम कोणी करावे, याचे नियम ‘सुडोअर्स’ फाइलीत असतात. ती प्रत्येक वेळी सुडो चालवताना वाचली जाते, त्यामुळे तिच्यात चूक झाली तर परिणाम तत्काळ दिसतो. ती ‘व्हीआयसुडो’नेच उघडावी, मजकुरात व्याकरणाची चूक असेल तर जतन करण्यापूर्वी ते अडवते. आपले नियम ‘सुडोअर्स.डी’ या डिरेक्टरीत स्वतंत्र फाइलीत ठेवणे सोयीचे असते. मात्र तेथे ज्या फाइलीच्या नावात टिंब असते ती मुकाट्याने वगळली जाते. नियम बरोबर असूनही लागू होत नसेल, तर आधी फाइलीचे नाव पाहावे.

दुरून लॉगिन करण्याच्या सेवेचे नियम ‘/ईटीसी/एसएसएच’मधील ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ फाइलीत असतात, आणि ही फाइल सेवा सुरू किंवा रीलोड होताना वाचली जाते. ‘परमिटरूटलॉगिन’ बंद ठेवावे. ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ही बंद करणे चांगले, पण पासवर्डऐवजी वापरायच्या आपल्या एसएसएच किल्लीच्या जोडीने लॉगिन होते याची खात्री करून घेतल्यावरच. एकच नियम दोनदा आला, तर येथे पहिला धरला जातो. आणि अलीकडच्या डेबियनमध्ये ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’मधील फाइली मुख्य फाइलीच्या सुरुवातीलाच ओढून घेतल्या जातात, म्हणून मुख्य फाइलीत खाली केलेला बदल निष्फळ ठरू शकतो. ‘एसएसएचडी -टी’ लहान टी वापरून चालवल्यास चुका कळतात, मोठ्या टीने चालवल्यास प्रत्यक्ष लागू होणारे सर्व नियम छापले जातात. त्यानंतर सेवा रीलोड करावी, चालू सेशन तसेच उघडे ठेवावे आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहावे. ते जमल्याशिवाय पहिले सेशन बंद करू नये. घर शेळगीला आणि सर्व्हर एमआयडीसीत असेल, तर ही खबरदारी रात्रीची एक फेरी वाचवते.

नेटवर्कच्या फाइलींपैकी ‘होस्टनेम’मध्ये यंत्राचे नाव असते. ते बदलले, तर नावे आणि पत्ते यांची जोडी असलेल्या ‘होस्ट्स’ फाइलीतील १२७.०.१.१ या पत्त्यासमोरचे नावही बदलावे, नाहीतर सुडो प्रत्येक वेळी नाव सापडत नसल्याची तक्रार करते. बदल तपासण्यासाठी ‘गेटएंट होस्ट्स’ ही कमांड योग्य आहे, कारण ती ‘एनएसस्विच.कॉन्फ’मधील क्रमानेच शोध घेते. ‘डिग’ ही कमांड मात्र थेट नेमसर्व्हरला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारते, होस्ट्स फाइल पाहतच नाही. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मधील पहिले तीनच नेमसर्व्हर वापरले जातात. ती फाइल दुसरी एखादी सेवा पुन्हा लिहीत असेल तर हाताने केलेला बदल टिकत नाही, म्हणून ती खरी फाइल आहे की दुवा, हे ‘एलएस -एल’ने आधी पाहावे. सर्व्हरचा स्थिर पत्ता डेबियनवर ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’मध्ये लिहितात. उबुंटू (डेबियनवर आधारलेली लिनक्सची दुसरी आवृत्ती) सर्व्हरवर त्यासाठी नेटप्लॅन हे साधन आहे, आणि त्यातील ‘नेटप्लॅन ट्राय’ ही सोय मला फार मोलाची वाटते: १२० सेकंदांत आपण होकार दिला नाही, तर जुनी सेटिंग आपोआप परत येते.

कर्नलची (यंत्रणेच्या गाभ्याची) मूल्ये ‘सिससीटीएल.कॉन्फ’मध्ये लिहिण्याची सवय अनेकांना आहे. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ती फाइल सुरू होताना वाचली जात नाही, म्हणून आपल्या ओळी ‘सिससीटीएल.डी’ डिरेक्टरीत ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइलीत हलवाव्यात.

कोणतीही फाइल बदलण्यापूर्वी ‘सीपी -ए’ने तिची प्रत काढावी, म्हणजे मालकी आणि अधिकारही जसेच्या तसे राहतात. याहून चांगला मार्ग म्हणजे ‘ईटीसीकीपर’ हे पॅकेज, जे संपूर्ण डिरेक्टरीचा इतिहास गिटमध्ये (फाइलींतील बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत) ठेवते आणि नवे सॉफ्टवेअर बसवण्याच्या आधी व नंतर आपोआप नोंद करते. त्या इतिहासात शॅडो फाइलही येते, त्यामुळे तो कारखान्याबाहेरच्या कोणत्याही गिट सेवेवर पाठवू नये.

सर्व बदल झाल्यावर वीज जाण्याची वाट न पाहता, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून सर्व्हर स्वतःच रीस्टार्ट करावा. तो वर आल्यावर ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ आणि ‘जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर’ यांचे उत्तर वाचावे, आणि दुसऱ्या संगणकावरून एक बिल छापून पाहावे.