सिटाब्रियाच्या पोटावरचं तेल

दिवाळीत पुण्याला आलो तेव्हा बाबांना फोटो दाखवला. नाना पेठेत त्यांनी आयुष्यभर गॅरेज चालवलंय. टेक्सासमध्ये मी उडवतो त्या सिटाब्रियाचं (कसरतींचं छोटं विमान) पोट इंजिनाच्या तेलानं माखलेलं, रोल (कुशीवरून पालथं होत पूर्ण गिरकी) केले की क्वार्टभर (लिटरच्या जवळपास) तेल गायब. मला वाटलं, सील गेलं.

"गळती नाही रे, ब्रीदर (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) ओकतोय. काठोकाठ भरतोस का?"

भरत होतो! ८ क्वार्टच्या संपमध्ये (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) पूर्ण ८. विमान पालथं झालं की तेल ब्रीदरच्या तोंडाशी येऊन बाहेर पडतं. लूपमध्ये (हवेत उभं वर्तुळ) मात्र जी-फोर्स ते तळाशीच दाबून ठेवतो, म्हणून तिथं फारसं जात नाही.

आता ६ क्वार्ट ठेवतो, पालथा रेंगाळत नाही, ऑइल प्रेशरचा काटा पडला की लगेच सुलटा. जास्त वेळ उलटं उडायचं तर इन्व्हर्टेड ऑइल सिस्टीमच (पालथं असतानाही इंजिनाला तेल पुरवणारी) हवी. पोट पुसायला आता एक फडकं पुरतं.