सोलरची बॅटरी लवकर का बसते? या चुका टाळा

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, लाइट नाही म्हणून सोलर बसवायचं आणि दीड वर्षात बॅटरी भंगारात घालायची, हे परभणी-हिंगोलीकडं इतक्यांदा पाहिलंय की आता चीड येते. नीट सांभाळली तर ट्यूब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची, पाणी भरायची बॅटरी चार-पाच वर्षं काढते.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. एका मे महिन्यात जिंतूरकडच्या आखाड्यावरून फोन आला: नवी बॅटरी आठ महिन्यांत बसली, दुकानदारानं फसवलं. जाऊन झाकणं उघडली, तर दोन सेलमध्ये प्लेटा उघड्या. दिवसभर चार्ज करून हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या पाण्याची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायची नळी, लावला. 1240 च्या आसपास पाहिजे तिथं 1150.

"पाणी कोणतं टाकता, दादा?"

"जारचं. बोअरचं नाही टाकत, आम्ही पितो तेच टाकतो."

त्यांनी काळजीच घेतली होती, तीच नडली. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार असतात. बॅटरीतलं पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि दर वेळी साठत जातात. त्यांच्याच चुलीवर चमचाभर जारचं पाणी आटवून दाखवलं. चमच्यात पांढरं कडं उरलं. डिस्टिल्ड वॉटर आटवलं तर चमचा कोरा. दादा बराच वेळ त्या चमच्याकडंच बघत राहिले. बॅटरी वाचली नाही.

मी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघतो, आणि पाणी चार्जिंग झाल्यावरच भरतो. आधी काठोकाठ भरलं की चार्ज होताना अ‍ॅसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी टाकायचं. आणि ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून वरून अ‍ॅसिड ओतणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ओतू नका. तिला चार्जिंग पाहिजे.

दुसरी चूक काटकसरीची. पैसे कमी पडले की लोक पॅनल लहान घेतात आणि बॅटरी मोठी. 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती वीज साठते ते) बॅटरी, वर 100 वॅटचं एकच पॅनल. विहीर खोल खणली म्हणून झरा वाढतो का? असं पॅनल कडक उन्हातही दिवसाला 400-500 वॅट-तासच देतं, आणि जुना 75 वॅटचा पंखा आठ तास चालला की 600 जातात. बॅटरी रोज अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं आणि मग ती चार्ज धरत नाही. अशा बॅटरीला मी निदान 300 वॅटचं पॅनल लावतो. सकाळी लोड, म्हणजे पंखा-दिवे, बंद करून अर्ध्या तासानं मल्टीमीटर लावायचा. 12.2 व्होल्टच्या खाली दिसलं तर रात्री पंखा कमी चालवायचा.

जुन्या बॅटरीला नवी जोडू नका, जुनी नवीलाही खाते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, व्हॅसलीन लावा. सोड्याचा थेंबही सेलमध्ये जाता कामा नये. चार्ज कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा डबा) वगळून पॅनल थेट जोडू नका, कुणी कितीही "चालतंय" म्हणू द्या.

जागेचंही बघा. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, पत्र्याच्या शेडात त्याहून जास्त. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मी ती उत्तरेच्या भिंतीला, लाकडी फळीवर, हवा खेळेल अशी ठेवतो. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ चूल नाही, बिडीही नाही.