लाकडी जमीन: निवडताना जाडी बघा, घासताना पाय थांबवू नका

बैठकीच्या खोलीसाठी लाकडी फ्लोअरिंग घ्यायला गेलेला माणूस आधी रंग बघतो. रंग काय, पॉलिशने बदलतो. तुम्ही फळी आडवी धरा आणि तिची कड बघा. अखंड लाकडाची फळी साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड असते, पण नवं पॉलिश करण्याआधी मशीनने घासायला मिळतं ते फक्त कडेच्या खाचेच्या (जिच्यात शेजारची फळी अडकते) वरचं लाकूड. इंजिनिअर्ड फळीत खाली प्लायवुड आणि वर खऱ्या लाकडाचा थर असतो. तो ४ मिलिमीटरच्या पुढे असेल तर पुढेमागे घासता येईल. २ मिलिमीटरचा असेल तर घासायचं विसरा. आणि लॅमिनेटवर लाकूड नसतंच, लाकडाचा फोटो असतो. तो घासायला गेलात की फोटो गेला.

लाकूड कोणतं? ओक घट्ट असतो, खुर्च्यांची ओढाओढ सोसतो. पाइन दिसतो छान, पण एक टेबल ओढलं की चरा पडतो. साग माझा आवडता. फक्त त्याच्या अंगच्या तेलामुळे पॉलिश कधीकधी नीट धरत नाही, म्हणून आधी कोपऱ्यात एक हात मारून बघावा.

जुनी जमीन असेल तर ती काढून टाकायचा सल्ला देणाऱ्याला आधी उंबऱ्याची पट्टी काढायला सांगा. तिथे फळीची कड दिसते. लाकूड शाबूत असेल तर करकर वाजणं आणि डाग ही बदलायची कारणं नव्हेत. जुना रंग असेल तर मात्र त्यात शिसं आहे का हे तपासल्याशिवाय मशीनला हात लावू नका. ती धूळ अंगाला, विशेषतः मुलांना, घातक असते.

खोली रिकामी करा, खिळ्यांची डोकी ठोकून तीनेक मिलिमीटर आत घाला, मास्क लावा.

आता ड्रमचं सँडिंग मशीन, म्हणजे पॉलिश पेपर गुंडाळलेला ड्रम फिरवून जमीन घासणारं. सगळे सांगतात, ‘सोपं आहे, मागे मागे चालायचं.’ माझी पहिली जमीन मी याच भरवशावर बिघडवली. एका जागी उभा राहून फिरता ड्रम खाली टेकवला. क्षणभरच, पण तेवढ्यात तळहाताएवढी खळगी पडली. दिवसा दिसलीच नाही. पॉलिशचा दुसरा हात वाळला, संध्याकाळी कोपऱ्यातला दिवा लावला आणि भिंतीलगत ओळीने अशा पाच-सहा खळग्या चमकू लागल्या. खळगी भरता येत नाही. आजूबाजूचं लाकूडच तिच्या पातळीला उतरवावं लागतं. पुन्हा ४० नंबरच्या, म्हणजे सगळ्यात खरखरीत पॉलिश पेपरपासून सुरुवात केली, दोन दिवस गेले.

म्हणून नियम एकच: ड्रम जमिनीला टेकलेला असताना पाय थांबता कामा नयेत. मशीन चालू करा, चालायला लागा, मग ड्रम अलगद टेकवा. थांबायच्या आधी उचला. फळीच्या लांबीने, लाकडाच्या रेषांबरोबरच चाला. एका बाजूने खोलीचा दोन-तृतीयांश भाग संपवा, मग वळून उरलेला. जिथे दोन भाग जुळतात तिथे प्रत्येक पट्टा थोडा मागेपुढे सोडा, नाहीतर खोलीच्या मधोमध आडवी रेघ उमटते.

दुसरी चूक नंबर गाळण्याची. पॉलिश पेपर ४०, मग ६०, मग ८०, शेवटी १००. ‘४० वरून थेट ८० घ्या, वेळ वाचतो’ असं सांगणाऱ्याने स्वतःची जमीन दिव्याखाली पाहिलेली नसते. ८० नंबर ४० च्या ओरखड्यांच्या वरच्या कडा गुळगुळीत करतो, तळ तसाच राहतो. हाताला लागत नाही, पॉलिश मात्र तो बरोबर शोधून काढतं. मी प्रत्येक नंबरच्या आधी जमिनीवर पेन्सिलने नागमोडी रेघा ओढतो. त्या सगळ्या पुसल्या गेल्या की तो नंबर संपला. मग खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवायचा. उजेड सरपटत जातो आणि लपलेला प्रत्येक ओरखडा सावली टाकतो. ही दोन मिनिटं मी कधीही चुकवत नाही. १२० च्या पुढे मात्र जाऊ नका, फार गुळगुळीत लाकडात रंग मुरत नाही.

भिंतीलगतच्या कडा छोट्या मशीनने, कोपरे हाताने खरवडून.

फटींबद्दल माझं मत लोकांना पटत नाही: बारीक फटी सोडून द्या. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे लाकूड फुगतं, आकसतं, आणि भरलेला लगदा वर्षभरात सुटून येतो. मोठ्या फटीत त्याच लाकडाची पट्टी बसवा.

धूळ जेमतेम ओलसर फडक्याने टिपा, मग पॉलिश. तेलाचं पॉलियुरेथेन (पारदर्शक थर धरणारं पॉलिश) लाकूड पिवळसर करतं, पाण्याचं रंग जवळपास तसाच ठेवतं. डबा हलवू नका, बुडबुडे येतात, काठीने ढवळा. तीन हात मारा, दोन हातांच्या मधे वाळलेलं पॉलिश २२० नंबरच्या पेपरने हलकं घासा. जवसाचं तेल लावलं असेल तर ते फडके चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर उघडे पसरून वाळवा. मशीनची भुशाची पिशवीही रोज घराबाहेर रिकामी करा.

गालिचा पॉलिशच्या डब्यावर लिहिलेले वाळायचे दिवस पूर्ण होईपर्यंत गुंडाळलेलाच ठेवा. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या मऊ चकत्या आधी चिकटवा, मगच त्या आत आणा, आणि त्याही उचलून.