कमी खर्चात फोटो आणि फायलींचा बॅकअप कसा घ्यावा

माझ्या आत्याच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. एकूण अकरा फायली होत्या आणि त्यांचा आकार वीस एमबीसुद्धा नव्हता. स्क्रीन बदलण्यासाठी फोन दुकानात दिला, तिथे तो रीसेट झाला आणि ओव्या गेल्या. आत्याही आता नाही. त्या फायली ई-मेलला जोडून स्वतःलाच पाठवल्या असत्या, तरी आज त्या जवळ असत्या आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नसता. म्हणून बॅकअपचा, म्हणजे फायलींची जादा प्रत ठेवण्याचा, विचार करताना कोणती वस्तू विकत घ्यावी हा प्रश्न मागे ठेवावा आणि आपल्याकडचे काय पुन्हा कधीच मिळणार नाही, हे आधी ठरवावे.

सुरुवात निवडीपासून करावी. आधार कार्ड, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रे डिजिलॉकरमधून पुन्हा मिळतात, सातबाराही ऑनलाइन मिळतो, चित्रपट तर कुठेही मिळतात. घरातल्या माणसांचे फोटो, त्यांचे आवाज, स्वतःचे लिखाण, जुन्या अल्बममधून स्कॅन केलेली चित्रे आणि आजोबांची पत्रे मात्र कोणत्याही कार्यालयातून पुन्हा काढून मिळत नाहीत. ही सर्व सामग्री एका वेगळ्या फोल्डरमध्ये आणावी. त्याच बैठकीत व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधील साठवणुकीच्या विभागात जाऊन अनेकदा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ आणि सुप्रभाताची चित्रे काढून टाकावीत, कारण नको असलेल्या गोष्टींसाठी जागा विकत घेणे हाच बॅकअपमधला सर्वांत मोठा वायफळ खर्च आहे.

मग आकार मोजावा. फोनवरचा एक फोटो सर्वसाधारणपणे तीन ते चार एमबीचा असतो, म्हणजे दहा हजार फोटोंना सुमारे ४० जीबी जागा पुरते. व्हिडिओचे गणित मात्र वेगळे आहे. फोर-के दर्जाचे एका मिनिटाचे चित्रीकरण फोनच्या सेटिंगनुसार १७० ते ४०० एमबी जागा घेते, त्यामुळे बारशाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ हजाराहून अधिक फोटोंइतकी जागा सहज खातो. बहुतेक घरांत फोटो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांवर, ठेवणे परवडते आणि व्हिडिओंसाठी हार्ड डिस्क घ्यावी लागते, त्याचे कारण हेच आहे.

क्लाउडवर मोफत मिळणारी जागा मर्यादित असते. गूगल १५ जीबी देते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पासून कमी दर्जाने चढवलेले फोटोही त्यातच मोजले जाऊ लागले. ॲपलच्या आयक्लाउडवर आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर प्रत्येकी ५ जीबी मोफत मिळतात. ही जागा सरसकट सगळ्या फोटोंनी भरू देऊ नये, वर निवडलेल्या फोल्डरसाठी राखून ठेवावी. ती अपुरी पडली, तर गूगलची १०० जीबीची वार्षिक योजना भारतात तेराशे रुपयांच्या आसपास पडते आणि ती जागा कुटुंबातील आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येते. भावंडांनी मिळून घेतल्यास प्रत्येकाचा वाटा अगदी किरकोळ होतो. हा खर्च दरवर्षीचा आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. पैसे भरणे थांबले आणि खाते मर्यादेपेक्षा जास्त भरलेले राहिले, तर नवे मेल येणे बंद होऊ शकते आणि दोन वर्षांनी साठवलेली सामग्री पुसली जाऊ शकते.

हार्ड डिस्कचा खर्च एकदाच होतो. एक टीबीच्या (सुमारे हजार जीबीच्या) डिस्कवर चार एमबीचे सुमारे अडीच लाख फोटो मावतात. डिस्क ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलासह घ्यावी. रस्त्यावर किंवा ऑनलाइन अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या एक-दोन टीबीच्या पेन ड्राइव्हपासून दूर राहावे, कारण त्यांतील अनेकांवर क्षमता खोटी दाखवलेली असते आणि खरी जागा संपल्यावर पुढच्या फायली नुसत्या नावापुरत्या उरतात. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) वर्षानुवर्षे वीज न मिळता कपाटात पडून राहणेही चांगले नाही. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर डिस्क वापरायची असेल, तर ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी. जुन्या फॅट-३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

प्रत्यक्ष कॉपी करताना फोन केबलने संगणकाला जोडून फाइल ट्रान्सफर हा पर्याय निवडावा आणि कॅमेऱ्याचे फोटो जिथे साठतात ते डीसीआयएम (DCIM) हे फोल्डर उघडावे. फायली कट करू नयेत, कॉपीच कराव्यात. कटच्या मध्येच केबल निघाली, तर काही फायली इकडच्याही राहत नाहीत आणि तिकडच्याही. डिस्कवर ‘२०२४-०९ गणपती’ अशा पद्धतीने आधी वर्ष, मग महिना आणि मग प्रसंग अशी नावे दिली, की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडील फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून पाहावा, सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे दहा-बारा फोटो डिस्कवरूनच उघडावेत आणि मग ती इजेक्ट करून काढावी. हे काम तीन महिन्यांतून एकदा करावे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी फार लोकांचे फोटो गेले आहेत. सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउड आपोआप एकसारखे ठेवणे, हा बॅकअप नव्हे. गूगल फोटोजमध्ये एखादा फोटो फोनवरून पुसला, की तो क्लाउडवरूनही जातो. कचरापेटीत ६० दिवस राहतो आणि नंतर कायमचा नाहीसा होतो. लहान मुलाच्या हातून झालेली चूक अशा रीतीने सगळीकडे पोहोचते. कपाटात सुटी ठेवलेली डिस्क या चुकीपासून वाचते, आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचेही तिच्यापुढे काही चालत नाही. म्हणूनच डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम असा आहे: एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर. फोन, डिस्क आणि क्लाउड मिळून तो पूर्ण होतो. जड व्हिडिओ क्लाउडवर ठेवणे परवडत नसेल, तर दुसरी डिस्क घेऊन ती नातेवाइकांकडे ठेवावी. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे कोल्हापूर-सांगली आणि २०२१ चे चिपळूण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एकाच कपाटातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे वेगळे सांगावे लागणार नाही. आम्ही एक डिस्क गावी ठेवतो आणि दरवर्षी गणपतीला जाताना ताजी डिस्क नेऊन जुनी परत आणतो. बाहेर ठेवायच्या डिस्कवर खासगी कागदपत्रे असतील, तर व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने ती पासवर्डबंद करावी. हा पासवर्ड कागदावर लिहून घरात जपून ठेवावा. तो हरवला, तर डिस्क कोणालाही उघडता येत नाही.

शेवटचे काम खात्याचे आहे. क्लाउडचे खाते बंद पडलेल्या जुन्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असेल, तर ओटीपी तिकडे जातो आणि स्वतःचेच फोटो आपल्याला दिसत नाहीत. तेव्हा क्रमांक आजच तपासावा आणि ओटीपी न मिळाल्यास खाते उघडण्यासाठी असलेले बॅकअप कोड छापून पासवर्डच्या कागदाबरोबर ठेवावेत. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल पुसून टाकू शकते. त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे. आपण ठरवलेल्या मुदतीपर्यंत खाते वापरात नसल्यास कोणाला कळवायचे आणि कोणती सामग्री द्यायची, हे तिथे नोंदवता येते. माझ्या खात्यात मी धाकट्या बहिणीचे नाव घातले आहे आणि तसे तिला सांगूनही ठेवले आहे.