नाव नसलेली जुनी जपानी बेस गिटार विकताय? या चुका टाळा

जुनी बेस गिटार हाती लागली की लोक फोटो पाठवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘किती येतील?’ ती कुठली, केव्हाची, चालू आहे की बंद, यातलं काहीच बघितलेलं नसतं. आणि बऱ्याचदा फोटो येईपर्यंत उशीर झालेला असतो. कुणीतरी ती घासून टाकलेली असते.

खानदेशात अशा गिटारी अजून निघतात. भुसावळला रेल्वेत असलेली अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबं, जळगाव-धुळ्याकडचे बंद पडलेले ऑर्केस्ट्रा, एखाद्या बँडवाल्याच्या घरचा माळा. परदेशी वाद्यांवर जबर आयातशुल्क होतं त्या काळात कुणी बोटीवरच्या नातेवाइकाकडून मागवली, कुणी मुंबईच्या चोरबाजारातून उचलली. हेडस्टॉक (तारा ताणायच्या चाव्या असतात तो टोकाचा भाग) कोरा, नाहीतर कधी न ऐकलेलं नाव. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो भंगारात द्या, दुसरा म्हणतो लाखाची वस्तू आहे. दोघांनीही ती उघडून पाहिलेली नसते.

नाव नसणं हा दोष नाही. जपानी कारखाने त्या काळात बहुतेक माल दुसऱ्यांच्या नावाने बनवत. कारखान्यातून निघालेली एकच बेस अमेरिकेत एका नावाने, युरोपात दुसऱ्या नावाने विकली जायची; काहींवर नाव टाकलंच जात नसे. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात मात्सुमोकु आणि फुजीगेन हे दोन मोठे कारखाने होते. मात्सुमोकु आधी सिंगर शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या बनवायचा. १९८७ मध्ये तो बंद झाला. तेव्हा कोऱ्या हेडस्टॉकमागे चांगला कारखाना असू शकतो आणि अगदी सामान्यही असू शकतो. ठरवायचं ते आतल्या खुणांवरून.

घासणं, रंगवणं आणि नाव चिकटवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात.

भुसावळच्या एका घरातली गोष्ट. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचगाण्यांत बेस वाजवायचे. ते गेल्यावर माळ्यावरून गिटार निघाली. नातवाने मला विचारायच्या आधी ती सुताराकडे दिली. सुताराने पॉलिश पेपर मारला, मूळचा पिवळा-तांबूस सनबर्स्ट उतरवला आणि गाडीला मारतात तो काळा स्प्रे मारला. मग नातू रेडियमवाल्याकडे गेला आणि हेडस्टॉकवर ‘फेंडर’ हे नामांकित अमेरिकन कंपनीचं नाव कापून लावून घेतलं. माझ्याकडे आला तो खुशीत. म्हणाला, ‘काका, नाव टाकलं की भाव वाढतो.’ मी तिथल्या तिथे ते काढायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. पुण्याहून ग्राहक निघालाही होता.

ग्राहक वाजवणारा माणूस होता. त्याने गिटार मांडीवर घेतली, चाव्या फिरवून पाहिल्या, मग पिकगार्डचे (पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) स्क्रू काढायची परवानगी मागितली. पिकगार्ड उचललं आणि मोबाइलचा टॉर्च आत धरला. पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, बसतो त्या खाचेच्या भिंतीवर प्लायवूडचे थर स्वच्छ दिसत होते, एक फिकट, एक गडद. पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणांखालचे भाग, लहान, नाण्याएवढे. म्हणजे ही फेंडर नव्हे. त्याने काही न बोलता पिकगार्ड परत बसवलं, एकेक स्क्रू हाताने. मग म्हणाला, ‘फेंडरची जपानी कॉपी म्हणून दाखवली असती तर आजच घेऊन गेलो असतो. आता यात अजून काय काय बदललंय, हे मला कसं कळणार?’

आजींना आठवत होतं, हेडस्टॉकच्या मागे छोटी सोनेरी पट्टी होती, इंग्रजीत काहीतरी लिहिलेली. ‘मेड इन जपान’ची पट्टीच असणार. बऱ्याच गिटारींवर जपानचा तेवढाच एक पुरावा असतो आणि तो पॉलिश पेपरखाली गेला होता. पुढे ती गिटार विकली गेली, पण नुसती ‘वाजणारी जुनी बेस’ म्हणून, त्या भावात.

भाव बाजूला ठेवला तरी हे करू नये. दुसऱ्याचा ट्रेडमार्क खोटा लावणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार गुन्हा आहे. आणि समोरचा माणूस आपल्या कष्टाचे पैसे मोजतोय, त्याला फसवायचं नाही. ‘सगळेच करतात’ हे कारण मला पटत नाही, कधी पटणारही नाही.

माझी सवय साधी आहे. गिटार आली की पहिल्या दिवशी फक्त कोरडं सुती फडकं. ओरखडे, टवके, उडालेला रंग, सगळं तसंच. रॉकेल नाही, थिनर नाही, फिंगरबोर्डवर खोबरेल तर मुळीच नाही. जुना रंग हा वयाचा दाखला असतो, आणि घेणारा तोच बघायला आलेला असतो.

एका आकड्यावरून किंवा ऐकीव शब्दावरून ठरवणं

‘लॉसूट गिटार आहे’, म्हणजे कॉपीवरून खटला झालेली, असं छातीठोक सांगणारे फार झालेत. खटला खरा होता, पण एकच. २८ जून १९७७ रोजी अमेरिकेतल्या गिब्सन या गिटार कंपनीची मालक नॉर्लिन हिने आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या कंपनीवर, म्हणजे एल्गरवर, फिलाडेल्फियात दावा लावला. वाद गिब्सनच्या हेडस्टॉकच्या आकाराचा होता आणि तो पुढे आपसात मिटला. म्हणजे फेंडरच्या धर्तीची तुमची बेस त्या खटल्यात कुठेच नव्हती. तरीही प्रत्येक जपानी कॉपीला हा शब्द लावला जातो आणि त्यावर भाव चढवला जातो. जाणकार ग्राहक हा शब्द वाचूनच पुढे निघून जातो.

नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, बॉडीला जोडणाऱ्या धातूच्या नेक प्लेटवर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ कोरलेलं असतं, ते कंपनीचं नाव नाही. अनेक वेगवेगळ्या गिटारींवर ते येतं. पॉटच्या मागचा आकडाही असाच गोंधळात टाकतो. अमेरिकन पॉटवर १३७ ने सुरू होणारा आकडा असला तर तो सीटीएस कंपनीचा, आणि पुढच्या आकड्यांत वर्ष नि आठवडा असतो. जपानी पॉटना ही पद्धत लावायची नाही. त्यावरचा ‘५००के’ म्हणजे रेझिस्टन्स, साल नव्हे.

मग बघायचं काय? तारा पूर्ण सैल करा, नेकचे चार स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरने काढा (ड्रिल मशीन लावलीत तर भोकं खराब होतील) आणि नेकचं बूड व तो बसतो ती खाच नीट पाहा. शिक्के, पेन्सिलचे आकडे, मूळ रंग, सगळं तिथे टिकून राहतं. पिकअप उचलून खालची बाजू पाहा. ‘मॅक्सन’ असा शिक्का मिळाला तर ते निशिन ओनपा या जपानी कंपनीचं काम, आणि तसे पिकअप आयबानेझ, ग्रेको या जपानी ब्रँडच्या गिटारींवर लागत. बॉडी प्लायवूडची की सलग लाकडाची, हे खाचेत कळतं. गिब्सनच्या धर्तीची असून नेक स्क्रूने जोडलेला असेल तर बहुधा कॉपी, कारण गिब्सनच्या बहुतेक गिटारींत तो चिकटवलेला असतो. एवढ्या खुणा एका दिशेने जात असतील तरच कारखान्याचं नाव घ्या. नसतील तर ‘जपानी बनावटीची, बहुधा १९७० च्या दशकातली’ एवढंच लिहा. हे वाक्य कमीपणाचं नाही.

नेक परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टक् करून बसला की मग आवळायचा. हे घाईत विसरणारे लोक लाकडात नवे आटे पाडतात.

ट्रस रॉडशी झटापट

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गिटार असते पत्र्याखालच्या माळ्यावर. लाकूड सुकतं, आकसतं, फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात, नेक वाकतो. हे पाहून नवखा माणूस अ‍ॅलन की घेतो, नेकच्या आतल्या सळईचा, म्हणजे ट्रस रॉडचा, नट फिरवतो आणि एका बैठकीत नेक सरळ करायला जातो. रॉडचा पन्नास वर्षांचा नट तसाच फिरून खलास होतो आणि मग गिटार विकण्याजोगी राहत नाही. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहिली तर हात लावू नका. जास्त असेल तर पाव वळसा, मग एक दिवस थांबा. काही स्वस्त गिटारींत रॉड पक्का बसवलेला असतो, फिरतच नाही. तसं असेल तर ते जाहिरातीत सांगा. ज्याला एक दिवस थांबता येत नाही त्याने कारागिराकडे द्यावी, त्यात लाज नाही.

बाकीच्या, थोडक्यात

स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, मोजल्याशिवाय तारा मागवू नका. नटपासून (इथे नट म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा : ८६४ मिमी आलं तर लाँग स्केल, ७६२ च्या आसपास तर शॉर्ट.

आवाज येत नाही म्हणजे पिकअप गेला असं नसतं. आधी जॅक आणि पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारा, मग मल्टिमीटर लावा. काही किलोओहम आले तर कॉइल जिवंत आहे.

मूळ पिकअप काढून नवा टाकायचाच असेल तर जुना फेकू नका, गिटारीबरोबर द्या. चाव्या, ब्रिजचं झाकण, स्क्रूसुद्धा.

परदेशी जाहिरातींत मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे. विकल्या गेलेल्या गिटारींचे आकडे बघा, आणि प्लायवूडच्या स्वस्त कॉपीला सलग लाकडाचा भाव लावू नका.

गुळगुळीत केलेले फोटो नकोत. उजेडात काढा : हेडस्टॉक पुढून-मागून, नेक प्लेट, खाच, पिकअपची खालची बाजू, प्रत्येक टवका. एका फोटोत टेप धरा.

परदेशी ग्राहकाने रोझवूडबद्दल विचारलं तर घाबरू नका. २०१७ पासून रोझवूडवर निर्बंध आले होते, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे. ब्राझिलियन रोझवूडला मात्र ती नाही.

आणि पार्सल. बेस लांब आणि डोक्याकडे जड असते, मोडते ती हेडस्टॉकजवळ. तारा अर्ध्या सैल करा, नेकखाली आणि हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंना फोम किंवा जुनी गोधडी घट्ट भरा, खोका हलवून आत काही सरकत नाही ना ते बघा. खोका बंद करण्याआधी ग्राहकाला व्हिडिओ पाठवा, आणि पावसाळ्यात बाहेरून प्लास्टिक गुंडाळल्याशिवाय बुकिंगला नेऊ नका.