जाफन्याला निघण्याआधी

मंडळी, श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफन्याला आपण तिथल्या यादवी युद्धाच्या आठवणी ऐकायला निघालोय, त्याआधी थोडी तयारी. पासपोर्टपासून सुरुवात करू, मागच्या वेळी आपलं घोडं तिथेच अडलं होतं. कोलंबोला उतरल्यापासून पुढे किमान सहा महिने तो चालू हवा. ईटीए, म्हणजे श्रीलंकेत शिरायचा ऑनलाइन परवाना, ज्याचा त्याने भरा, नाव पासपोर्टवर आहे तसंच. आपण पर्यटक म्हणून जातोय, तेव्हा कोणाची मुलाखत रेकॉर्ड करून चॅनलवर टाकायचा बेत असेल तर तो दादरलाच सोडून या. घड्याळ मात्र बदलावं लागत नाही, तिथली वेळ आपलीच.

सोबतचं दोन पानी टिपण विमानात नव्हे, आधी वाचा. 1956 चा फक्त सिंहलीला राजभाषा करणारा कायदा, 1981 मध्ये जाळलेलं जाफन्याचं ग्रंथालय, जुलै 1983 चं तमिळांचं हत्याकांड, नॉर्वेच्या मध्यस्थीने 2002 मध्ये झालेला युद्धविराम, मे 2009 मध्ये झालेला युद्धाचा शेवट, एवढं तरी डोक्यात पक्कं हवं. सिंहली आणि तमिळ अशा दोनच बाजू धरून बसू नका. ऑक्टोबर 1990 मध्ये एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने उत्तरेतल्या मुस्लिमांना घरंदारं सोडायला लावली, जाफना शहरात तर दोन तासांच्या मुदतीत. त्या कुटुंबांबद्दल विचारलंत तर लोक जरा दचकून बघतात, तरी विचारा.

आणि आपण तिथे तिऱ्हाईत नाही. 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर भारतीय शांतिसेना गेली, 1990 मध्ये परतली, आपले हजाराहून अधिक जवान तिथे पडले. कोलंबोजवळ आणि जाफन्याजवळच्या पलालीला त्यांची स्मारकं आहेत, आपण पलालीला थांबू. पण 21 ऑक्टोबर 1987 ला जाफन्याच्या रुग्णालयात आपल्याच सैनिकांच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मेले, हेही ठाऊक असूद्या. कोणी त्यावरून टोकलं तर ‘पण आमचेही गेले’ हे वाक्य गिळायचं. मला दोनदा जमलं नाही.

येत्या रविवारी माटुंग्याला कॉफीवर तिथल्या गप्पांची रंगीत तालीम आहे. एक जण जाफन्याचा पाहुणा होईल आणि आपल्याला 1992-93 च्या मुंबईतल्या दंगलींबद्दल विचारेल: तुमच्या बिल्डिंगमध्ये काय झालं, कोण निघून गेलं, परत आलं का? मागच्या तुकडीत लालबागचे एक काका बराच वेळ कप बशीत फिरवत बसले. मग म्हणाले, “शेजाऱ्यांच्या दारावरची नावाची पाटी मीच काढली, त्यांच्याच सांगण्यावरून. स्क्रू अजून ड्रॉवरमध्ये आहेत.” पुढे कोणी काही विचारलं नाही. तिथे समोरचा असा गप्प झाला की आपणही गप्प बसायचं. उलट आपल्याकडे सांगण्यासारखंही काही आहे. दंगलीनंतर पोलीस आणि वस्तीतल्या लोकांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला कमिट्यांबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारून या.

बाकी सामान नेहमीचं. सुती कपडे, टोपी, औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. कोलंबो ते जाफना रेल्वेने जवळपास चारशे किलोमीटर, तेव्हा खाऊ लागेलच. चकल्या मीच आणतेय. लष्करी छावण्यांचे फोटो नाहीत, बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी नाही, ड्रोन घरी. लाल कवटीची पाटी दिसली की रस्ता सोडायचा नाही, सुरुंग काढण्याचं काम काही भागांत अजून चालू आहे. पौर्णिमेला तिथे सुट्टी असते आणि दारूची दुकानं बंद, हे काही जणांना आधीच सांगितलेलं बरं.

तारखा बदलून मागणाऱ्यांसाठी: मे मुद्दामच निवडलाय. 18 मेला उत्तरेत लोक मुळ्ळिवाय्क्कालच्या, म्हणजे युद्धाच्या शेवटी जिथे असंख्य तमिळ नागरिक मारले गेले त्या जागेच्या, आठवणीत मीठ-तांदळाची कांजी वाटतात, दुसऱ्याच दिवशी दक्षिणेत सरकारी कार्यक्रमात विजयाची आठवण काढली जाते. कांजी नारळाच्या करवंटीत देतात. हातात आली तर प्यायची, फोटो काढायचा नाही.

जाफन्यातल्या नल्लूरच्या देवळात पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं. देशपांडे, जोशी आणि कंपनी, पोटं आत घ्यायला अजून सहा आठवडे आहेत.